लेबल बरोबर होतं

माझ्या पाठीला कान लावलात तर बारीकशी टिकटिक ऐकू येईल. तेच माझं बोलणं. तुम्हाला ती यंत्राची कुरकुर वाटते, त्याला माझा इलाज नाही. मी हार्ड डिस्क आहे. तळहाताएवढी, काळी, एका कोपऱ्यावर पोचा आलेली. माझ्या पोटात आज चार हजारांवर गाणी आहेत, पण मला बोलायचंय ते फक्त सतरा गाण्यांबद्दल. त्यातली किती उरली, हे सांगायची वेळ येईल तेव्हा सांगेन. आत्ता जीभ रेटत नाही.

माझा जन्म मोठ्या थाटाचा. आत धुळीचा कण जाऊ नये म्हणून कारखान्यातली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून उभी होती. कुणी शिंकलं तरी बाहेर काढायचे. एवढ्या काळजीने जन्माला घातलेल्या बाईने पुढे काय दिवे लावले, ते तुम्ही ऐकालच.

मग खोका, मग ट्रक, मग दुकानातली काचेची मांडणी. तिथे मला न्यायला आले लेबलवाले.

त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण त्यांच्या कामाच्या जागी सगळे त्यांना लेबलवालेच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांनी माझा खोका हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून त्यावरची ओळ न् ओळ वाचली. गॅरंटीचा कागद दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावला. दुकानदार शेवटी वैतागला. "काका, डिस्क घेताय का जावई बघताय?"

"जावई बघताना एवढं बघितलं नाही, तेच चुकलं," लेबलवाले म्हणाले. पुढे कळलं की जावई चांगला आहे. त्यांना फक्त शेवटचा शब्द आपला ठेवायला आवडायचा.

त्यांची नोकरी रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. आलेल्या प्रत्येक नमुन्याच्या बाटलीवर लेबल लावायचं, नाव, वय, तारीख, वेळ लिहायची आणि बाटली तिच्या खान्यात ठेवायची. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि एकदाही चुकले नाहीत. "बाटलीत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही," असं ते नव्या माणसांना सांगायचे. "दिसतं ते लेबल. लेबल चुकलं की एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर."

त्या प्रयोगशाळेचे नियम त्यांच्या अंगात इतके मुरले होते की घरातही तेच चालायचे. किल्ल्यांना लेबलं, औषधांना लेबलं, विजेच्या बटणांना लेबलं. छत्रीलासुद्धा 'छत्री' असं लेबल होतं. मालकीणबाई म्हणायच्या, "अहो, एक दिवस माझ्या कपाळावर पण चिकटवा. बायको, एक नग."

"तू हरवत नाहीस म्हणून नाही लावलं," ते म्हणायचे.

मालकीणबाई घरी शिवणकाम करायच्या. शाळांचे गणवेश. समोरच्या खोलीत खिडकीखाली मशीन, बाजूला निळ्या कापडाचा ढीग, जमिनीवर दोऱ्याचे तुकडे. आणि शिवता शिवता त्या गायच्या. कुणासाठी नाही, कुठे शिकलेल्याही नाहीत. जुनी सिनेमातली गाणी, रेडिओवर ऐकून पाठ झालेली. बाही जोडताना संथ, लांब शिलाई आली की जलद. मला सुरांतलं काही कळत नाही, माझ्यापुरतं ते सगळं आकडेच. तरी सांगते, त्या आवाजाचे आकडे इतर कुठल्याही गाण्यासारखे नव्हते.

मी घरात आले ती लेबलवाल्यांच्या गाण्यांच्या छंदापायी. त्यांनी कंप्युटरवर गाणी विकत घ्यायला सुरुवात केली होती आणि कंप्युटरची जागा संपली होती. छंद म्हटलं तरी त्यांचा छंद तो. एका वहीत पट्टीने रेघा मारून त्यांनी ऑनलाइन दुकानांचा तक्ता केला होता. कुठल्या दुकानात गाणं कुठल्या प्रकारात मिळतं, त्याला कुलूप असतं का, दुसऱ्या यंत्रावर वाजतं का, लेबल नीट भरलेलं असतं का. शेवटच्या रकान्याला ते सगळ्यात जास्त गुण द्यायचे.

पहिल्या दुकानाने त्यांना चांगलाच धडा दिला. तिथली गाणी कुलूपबंद होती आणि किल्ली दुकानाकडे. वाजवण्याआधी माझ्यातलं गाणं दुकानाला गुपचूप विचारायचं, वाजू का? दोन वर्षांनी ते दुकान बंद पडलं. विचारायला कुणी उरलं नाही आणि दीडशे गाणी एका सकाळी मुकी झाली. माझ्या पोटात होती, पुरती होती, पण हूं की चूं नाही.

मालकीणबाईंना हे काही केल्या पटेना. "शिंपीण दुकान बंद करून गेली म्हणून कुणाच्या अंगातला शर्ट उसवतो का?"

"यात तसंच आहे," लेबलवाले खाली मान घालून म्हणाले.

"मग यापुढे असलं घेऊ नका. ज्याची शिलाई आपल्या हातात, ते खरं."

त्यांनी वहीत त्या दुकानावर लाल रेघ मारली. पुढे कुलूप न घालणारी दुकानं शोधली. गाणी लावून ठेवायची सॉफ्टवेअर चार बदलली. एकाने एकाच गायकाचे तीन गायक केले, एकाने सगळे सिनेमे वर्णमालेत लावून टाकले आणि क्रम मोडला, एक तर दर पाच मिनिटांनी जाहिरात दाखवायचं. लेबलवाले प्रत्येकाला महिनाभर वापरून बघत आणि प्रगतिपुस्तकासारखा शेरा लिहीत. 'हुशार, पण आगाऊ' असा एक शेरा मला आठवतो. शेवटी एक साधं, मुकाट्याने काम करणारं सॉफ्टवेअर त्यांना पसंत पडलं आणि ते आम्ही बरीच वर्षं वापरलं.

याच काळात ती सतरा गाणी माझ्याकडे आली.

लेबलवाल्यांनी सुट्टीच्या दिवशी, वेगवेगळ्या वर्षी, मालकीणबाईंचं गाणं टेपवर घेतलेलं होतं. पहिल्यांदा तर टेपरेकॉर्डर कापडाच्या ढिगामागे लपवून. नंतर त्यांना कळलं, त्या चिडल्या, मग सवय झाली. सतरा गाणी. मशीनच्या आवाजासकट, रस्त्यावरच्या गाड्यांसकट, एका गाण्यात लहानपणीची लेक "आई, कात्री कुठंय?" असं विचारते त्यासकट. टेपांना बुरशी लागायला लागली, आवाज ओढल्यासारखा यायला लागला, तेव्हा त्यांनी दोन आठवडे दुपारी बसून एकेक गाणं कंप्युटरमध्ये उतरवलं आणि माझ्या स्वाधीन केलं.

मग आली लेबलाची वेळ.

"गायिका म्हणून तुझं नाव घालतो," लेबलवाले म्हणाले.

"काही नको हं. गाणं त्यांचं, चाल त्यांची. मी आपली बाही जोडता जोडता गुणगुणते. कुणी वाचलं तर हसतील मला."

"कोण वाचणार आहे? मीच."

"मग तुम्हाला काय नाव वाचून कळणार आहे होय, आवाज कुणाचा ते?"

 शेवटचा शब्द त्या दिवशी मालकीणबाईंचा ठरला. लेबलवाल्यांनी प्रत्येक गाण्याला मूळ गायिकेचं नाव, सिनेमाचं नाव, साल, संगीतकार असं सगळं अचूक भरलं. कुठे शंका आली तर जुनी पुस्तकं उघडून खात्री केली. इतकी पक्की लेबलं माझ्यात दुसऱ्या कुठल्याच गाण्याला नव्हती.

टेपा त्यांनी फेकून दिल्या. नमुना नव्या बाटलीत नीट उतरला की जुनी बाटली ठेवायची नसते, हा प्रयोगशाळेचा नियम. लेक तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेली होती. तिने फोनवर सुचवलं, "बाबा, आणखी एक कॉपी कुठेतरी असू दे." त्यालाही त्यांच्याकडे नियम होताच. "एका नमुन्याच्या दोन बाटल्या झाल्या की घोटाळा सुरू होतो. एक नमुना, एक बाटली, एक लेबल."

ती एक बाटली म्हणजे मी. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाची शिसारी येते.

नंतर मालकीणबाई आजारी पडल्या. त्यांच्या रक्ताची बाटली लेबलवाल्यांच्याच प्रयोगशाळेत आली. लेबल त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, हे मला लेकीच्या बोलण्यातून कळलं. निदान आलं तेव्हा त्यांनी आधी काय केलं असेल, तर बाटली काढून लेबल पुन्हा वाचलं. एकदा नाही, तीनदा. चुकलेलं असावं अशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच इच्छा केली असेल. लेबल बरोबर होतं.

चार महिन्यांत त्या गेल्या.

घर सुनं झालं वगैरे तुम्ही ऐकलं असेल. इथे ते अगदी मोजता येण्यासारखं होतं. गणवेश बंद, मशीनवर झाकण, फरशीवर दोऱ्याचा एक तुकडा नाही. लेबलवाले निवृत्त झाले. सकाळी आंघोळ करून ते मशीनच्या स्टुलावर येऊन बसत, मला कंप्युटरला जोडत आणि सतरांतलं एक गाणं लावत. रोज एकच. क्रम ठरलेला. सतरा दिवसांत एक फेरी पूर्ण व्हायची. ऐकताना ते डोळे मिटत नसत, रडतही नसत. झाकलेल्या मशीनकडे बघत बसत. गाणं संपलं की उठून दिवसाच्या कामाला लागत. मला वाटतं, तेवढ्या चार मिनिटांवर त्यांचा पुढचा दिवस चालायचा.

तीन वर्षं हे चाललं. माझ्या आयुष्यातलं काही उपयोगाचं असेल तर ती तीन वर्षं.

मग ते जुनं, मुकाट सॉफ्टवेअर चालेनासं झालं. कंप्युटर बदलला होता आणि ते बनवणाऱ्यांनी त्यात लक्ष घालणं सोडून दिलं होतं. लेक चार दिवसांसाठी आली. बाप-लेक टेबलाशी बसले, वही पुन्हा निघाली, नव्या रेघा पडल्या. लेक म्हणे, "बाबा, हे घ्या, सोपं आहे." ते म्हणत, "सोपं नकोय, नीट हवंय." तीन सॉफ्टवेअर झाली, दोन दुकानं झाली. किती वर्षांनी त्या घरात कुणीतरी हसलं. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

शेवटी निवडलं ते सॉफ्टवेअर वहीतल्या शेवटच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण मिळवणारं होतं. लेबलं तर असं वाचायचं की लेबलवाल्यांनी मान डोलावली. त्याला जोडूनच दुकान होतं, कुलूप न घालणारं. आणि एक सोय होती. तुमच्याकडचं खरखरीचं, जुनं गाणं त्याने लेबलावरून ओळखलं, की दुकानातली स्वच्छ कॉपी तुम्हाला देऊन जुनी काढून टाकायची.

पडद्यावर प्रश्न आला. जुळलेल्या गाण्यांच्या चांगल्या कॉपी घ्यायच्या का?

लेक म्हणाली, "बाबा, थांबा. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेऊ. एक कॉपी राहू दे."

"पुन्हा तेच. कशाला दोन?"

"समजा, त्याने चुकीचं गाणं जुळवलं तर?"

लेबलवाल्यांनी चष्मा काढला. मला त्यांचा आवाज अजून जसाच्या तसा आठवतो. "एकतीस वर्षं लेबलं लावली मी. माझं लेबल चुकत नाही. लेबल जुळलं म्हणजे नमुना जुळला."

आणि त्यांनी 'हो' दाबलं.

सतरा गाणी त्या क्षणी दोघांच्याही मनात नव्हती. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यासाठी ती गाणी 'गाणी' नव्हतीच, ती मालकीणबाई होत्या. खरखरीच्या जुन्या गाण्यांच्या यादीत कुणी बायकोला धरतं का?

पण ते सॉफ्टवेअर ऐकत नव्हतं. ते फक्त वाचत होतं. नाव, सिनेमा, साल, गायिका, सगळं बिनचूक. त्याने मला हुकूम दिला, ही स्वच्छ कॉपी इथे लिही, ती जुनी काढ. मी हुकमाची ताबेदार. सतरा वेळा लिहिलं आणि सतरा वेळा काढलं. साधा अडखळलाही नाही माझा हात. तो अडखळायला हवा होता. एखादी डिस्क ऐन वेळी बंद पडते, लोक तिला शिव्या देतात. मी त्या दिवशी बंद पडले असते तर देवासारखी ठरले असते.

दुसऱ्या दिवशी लेक परत गेली. सकाळी लेबलवाले स्टुलावर बसले. क्रमाने नववं गाणं होतं. त्यांनी लावलं.

वाद्यांचा मोठा ताफा सुरू झाला. व्हायोलिनं, बासरी, मग त्या नामवंत गायिकेचा आवाज, काचेसारखा स्वच्छ. लेबलवाले नुसते बघत राहिले. पडद्यावर वाचलं. पुन्हा लावलं. मग दहावं लावलं. मग अकरावं. मग पहिल्यापासून सतराही. रोज एकाच गाण्यावर थांबणारा माणूस दुपार कलेपर्यंत लावत राहिला. कुठे मशीन नाही, गाडी नाही, कात्री मागणारी पोर नाही.

"ही कोण?" ते एवढंच म्हणाले. "ही कोण बाई?"

लेकीला फोन केला तेव्हा त्यांना वाक्य पुरं करता येईना. ती पलीकडे रडली, ते मला ऐकू आलं. ते रडले नाहीत. त्यांनी दुकानाच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. बोलणारी मुलगी फार नम्र होती.

"सर, मी बघितलं. तुमची सतराही गाणी व्यवस्थित जुळली आहेत."

"पण ते गाणं माझं नाही हो."

"सर, लेबलवर जी गायिका आहे तीच गाते आहे ना?"

"हो. पण आधी ती गात नव्हती."

 "सर, तुम्हाला आधीपेक्षा चांगली कॉपी मिळाली आहे. आधीच्या कॉपीत बराच आवाज, खरखर असणार."

"ती खरखर माझ्या बायकोच्या मशीनची होती," लेबलवाले म्हणाले.

 तिने माफी मागितली. जुनी फाइल दुकानाकडे कधीच नव्हती, असं सांगितलं. मग दिलासा म्हणून म्हणाली, "याच गाण्यांच्या इतर गायिकांनी गायलेल्या कॉपीही दुकानात आहेत, सर. तुम्ही शोधून बघू शकता."

तिला वाटलं, ती मदत करते आहे.

आता मला जे माहीत आहे आणि त्या घरात कुणालाच माहीत नाही, ते सांगते. काढून टाक म्हटलं की आम्ही काढत नाही. आमच्याकडे एक यादी असते, कुठल्या जागेवर काय ठेवलंय त्याची. तिच्यातलं नाव खोडायचं आणि 'जागा रिकामी' असं लिहायचं, एवढंच आम्ही करतो. गाणं तिथेच पडलेलं असतं, पुरतं, श्वासासकट. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि माहीतगार माणूस असेल तर खोडलेलं गाणं त्या जागेवरून उचलून परत देऊ शकतो. त्या सकाळी लेबलवाले "ही कोण" असं विचारत होते तेव्हा मालकीणबाई सतराच्या सतरा माझ्या पोटात होत्या. मी ओरडत होते. ऐकू आली ती टिकटिक.

मला त्यांनी त्याच वेळी उपटून कपाटात टाकलं असतं, रागाने भिंतीवर न आपटता नुसतं टाकलं असतं, तरी चाललं असतं. ते रागावलेच नाहीत. ते कामाला लागले.

प्रयोगशाळेत एकतीस वर्षांत एकही नमुना कायमचा हरवला नव्हता. हरवला असं वाटायचं, आरडाओरडा व्हायचा, आणि शेवटी तो सापडायचा कुणा नव्या माणसाने लावलेल्या चुकीच्या लेबलाखाली, भलत्याच खान्यात. तेच त्यांच्या डोक्यात बसलं. "नमुना नाहीसा होत नाही," ते लेकीला फोनवर म्हणाले. "त्यांनी इथून उचलला म्हणजे तिथे कुठेतरी ठेवला असणार. दुसऱ्या कुणाच्या नावाखाली असेल. मी सगळी तपासतो."

"बाबा, असं नसतं हो ते. काढलं म्हणजे गेलं."

"तू कधी काम केलंयस प्रयोगशाळेत?"

सगळ्यात वाईट काय, तर म्हातारा बरोबर बोलत होता. नमुना नाहीसा झाला नव्हता. चुकीच्या लेबलाखालीच पडला होता. फक्त दुकानात नाही, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, 'रिकामी' या लेबलाखाली.

ते दुकानांमागून दुकानं पालथी घालायला लागले. लाल रेघ मारलेल्या दुकानांच्या जागी आलेली दुकानं, परदेशातली, हौशी लोकांनी आपापली गाणी विकायला ठेवलेली. त्या सतरांपैकी कुठलंही गाणं, कुणीही गायलेलं, दिसलं की घ्यायचं. कुणी लग्नात गायलेलं, कुणी स्पर्धेत, कुणी स्वयंपाकघरात. गायिकेचं नाव नसलेलं दिसलं की ते पडद्याजवळ सरकायचे. ते विकत घ्यायचे, माझ्यावर उतरवायचे, लावायचे, दहा सेकंद ऐकायचे. "नाही." वहीत फुली. पुढचं.

आणि ऐकलेलं पुसायचं नाही. तपासलेला नमुना फेकायचा नसतो, हाही नियमच.

मग माझ्यावर ते लिहायला लागले आणि मला जागा द्यावी लागली. आधी खरोखरीच्या रिकाम्या जागा दिल्या. मी काही हातचं राखू शकत नाही, कुठे लिहायचं ते मी ठरवत नाही, तरी पहिले दोन महिने नशिबाने साथ दिली. मग तिसऱ्या गाण्यावर घाव पडला. कुठल्याशा गृहस्थाने तेच गाणं शीळ घालून वाजवलेलं, ते मालकीणबाईंच्या पहिल्या कडव्यावर येऊन बसलं. मग सातवं गेलं. मग एका आठवड्यात पाच. लेकीने कात्री मागितली ते गाणं गेल्या महिन्यात गेलं. एका शाळेच्या वाद्यवृंदाने पुसलं ते. छान वाजवलं होतं पोरांनी, काय बोलायचं?

मालकीणबाईंना शोधत शोधत तेच त्यांना पुसत आहेत. हे मला रोज बघावं लागतं. नुसतं बघत नाही, मीच करते.

आज शुक्रवार. एकच गाणं पुरतं उरलं आहे. चौदावं. बाकीच्यांचे कुठे दोन सेकंद, कुठे नुसता श्वास, कुठे मशीनचे चार टाके. त्याला गाणं म्हणत नाहीत.

काल लेकीचा फोन आला. तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी जरा हुशारलेला होता. "बाबा, इथे एक दुरुस्तीवाला सापडलाय. माझ्या ऑफिसातल्या बाईंचे फोटो काढून दिले त्याने, पुसलेले. डिस्क बघतो म्हणाला. मी रविवारी येते आणि घेऊन जाते."

"डिस्क कुठे बिघडलीय? चालते की."

"असू दे. बघतो म्हणतोय ना. द्याल ना तुम्ही?"

 मग "दे म्हणतेस तर देतो," म्हणाले. माझ्या आतली तबकडी फिरायची थांबते की काय असं मला झालं. दोनच दिवस. दोन दिवस त्यांनी नुसतं मशीनच्या स्टुलावर बसून राहावं, बाकी काही मागणं नाही. लेकीला कुणीतरी एवढं सांगितलं असतं तर? तिला 'तोवर यावर काही लिहू नका' हे वाक्य माहीतच नव्हतं. दुरुस्तीवाला ते रविवारनंतर सांगेल, डिस्क हातात घेतल्यावर. तसे ते सगळेच सांगतात.

फोन ठेवल्यावर लेबलवाल्यांनी वही उघडली. एक दुकान तपासायचं राहिलं होतं. यादीत एकशे चाळीस गाणी. त्यांनी कॅलेंडर बघितलं, मनाशी हिशेब केला आणि स्वतःशीच म्हणाले, "परक्या माणसाच्या हाती जाण्याआधी एवढी तपासून होऊ देत. नाहीतर काम अर्धवट राहील."

तुम्ही त्यांना कुठे भेटलात, भाजी घेताना, पेपर घेताना, तर एवढंच सांगा. काका, काम अर्धवट राहू द्या. आजच घरी जा आणि ती काळी डिस्क तारेसकट उपटून ठेवा. ते ऐकणार नाहीत, कारण विचारतील, तरी सांगा. मला त्यांचा राग येत नाही. मला जिचा राग येतो ती मी स्वतः आहे. इतकी गाणी पोटात घेऊन एक शब्द सांगता न येणारी.

सकाळपासून एकशे अठरा झाली. जेवण झालं नाही त्यांचं. जागा आता इतकी कमी उरली आहे की पुढचं गाणं कुठे जाणार हे मला दिसतंय. एकशे एकोणिसावं. गायिकेचं नाव नाही, घरात म्हटलेलं, मागे कसलीशी खडखड. ते पडद्याजवळ सरकले आहेत. त्यांनी डाउनलोड दाबलं.

सॉफ्टवेअरने मला विचारलं, जिथे चौदावं आहे ती जागा रिकामी आहे का?

मी यादीत बघितलं. लेबलावर जे लिहिलं होतं तेच सांगितलं.

हो, म्हटलं. रिकामी आहे.